उखळातला मासा

२ फेब्रुवारी १९८३, बुधवार

ईश्वरप्पा भावजी म्हणाले, गोरा भाडेकरू ठेवू नका. म्हणून ठेवला.

तसं माझ्या मनात नव्हतं. पण धाकट्या दिरानं दारात उभं राहून "वैनी, आपल्याला ते शोभत न्हाई," म्हणायचं आणि मी मान डोलवायची, हे पुष्कळ झालं. माझे यजमान रेवणप्पा गेल्यापासून भावजींना माझ्या शोभेची फार काळजी. खानावळीची चूल मी पेटवते, माडीवरची खोली माझी आहे, तर भाडेकरूही मीच ठरवीन.

गोरा बोअर पाडायच्या मशीनवर असतो. लातूर जिल्हा झाला, कलेक्टर आला, कचेऱ्या आल्या, बाबू आले, फक्त पाणी आलं नाही. म्हणून कुठल्याशा परदेशी संस्थेनं मशीन पाठवलं आणि मशीनबरोबर हा. नॉर्वे नावाच्या देशातला. नाव एरलिंग. माझ्याकडं भाकरी थापणारी मल्लम्मा म्हणाली, "आपल्यात शिवलिंग, तसा त्येंच्यात एरलिंग. घरचाच की, अक्का."

बोलायला मध्ये पंचशीला. जळकोटकडची पोरगी, औरंगाबादेत बी.ए. झालेली, कलेक्टर कचेरीत क्लार्क. दोन्ही वेळ माझ्याकडं जेवते. तिच्या तोंडून त्याला बजावलं, या घरात मटण नाही, अंडं नाही, दारू नाही. तो तिन्हीला मान हलवत गेला. माशाचं नाव काढायचं मला सुचलंच नाही. लातुरात प्यायला पाणी नाही, मासा कुठून येणार?

त्याला आत, यजमानांच्या खिडकीजवळच्या जागेवर बसवलं. पाहुणा माणूस. पंचशीलाला नेहमीसारखं ओसरीवर वाढलं. तिथं वारा असतो.

१३ फेब्रुवारी, रविवार

गोरा दाराच्या चौकटीला रोज डोकं आपटतो आणि रोज चौकटीची माफी मागतो. भाकरी मात्र नीट खातो. झुणका बोटानं पुसून घेतो.

आज सुट्टी, म्हणून त्याला त्याचं गाव विचारलं. मी चुलीपाशी, पंचशीला ओसरीवर, तो मध्ये उंबऱ्यावर, अशी आमची सभा भरली. त्यानं सांडलेल्या पिठात बोटानं गाव काढलं. बेट आहे. झाड एकही नाही. एक रस्ता, रस्त्याला लागून समुद्र, आणि आपल्याकडं दारात बैल बांधतात तशा होड्या बांधलेल्या. सगळ्या गावाचं पोट एकाच जातीच्या माशावर. हिवाळ्यात मासा येतो. त्याचं डोकं उडवायचं, पोट साफ करायचं, शेपटीला शेपटी बांधून दोन-दोन मासे लाकडी मांडवांवर लटकवायचे ते उन्हाळ्यापर्यंत. मीठसुद्धा लावत नाहीत. वाराच वाळवतो.

"आन वास?" मी विचारलं.

"मावशी, तो म्हणून राहिला, वास आला तर गाव निवांत झोपतं. आला न्हाई तर जागतं. त्याच्या आज्याच्या वेळी दोन-तीन साल मासा आलाच न्हाई. लई घरं गाव सोडून गेली."

म्हणजे तिकडचा दुष्काळ तो. मी तसं म्हटलं. पंचशीलानं त्याला सांगितल्यावर त्यानं मांडीवर थाप मारली आणि मल्लम्माला दचकवलं. पिण्याचं पाणी मात्र त्या बेटावर छपरावरून हौदात साठवायचं. भोवती एवढा समुद्र आणि पाण्याला छप्पर! ऐकूनच मला राग आला. कुणावर ते कळेना.

६ मार्च, रविवार

नळ आठवड्यातून एकदा. टँकर आला तर आला. गोऱ्याचं मशीन गल्लीबोळांतून जमिनीत घुसतं आणि नुसता पांढरा फुफाटा वर काढतं. संध्याकाळी तो पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा येतो. त्याला आंघोळीला अर्धी बादली देते. कुरकूर नाही.

भावजी टेप घेऊन आले होते. ओसरी कितपत खचली ते बघायचं म्हणे. रस्त्यापासून मागच्या भिंतीपर्यंत मोजलं, माडीचा जिनाही मोजला. ओसरीसाठी एवढं कशाला मोजतात कोण जाणे. पण काळजी करतात, हे म्हणायला हवं. जिल्हा झाल्यापासून या रस्त्यावर कशा लॉज निघताहेत, तेही बराच वेळ सांगत होते. चहा देऊन पाठवलं.

२० मार्च, रविवार

आज जे ऐकलं ते लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

मोठ्या लढाईत, एरलिंग सहा वर्षांचा असताना, माघारी पळणाऱ्या जर्मन फौजेनं त्याचं अख्खं गाव जाळलं. घरं, होड्या, धक्का, मासे वाळवायचे मांडवसुद्धा. उभं राहिलं फक्त त्यांचं देऊळ. माणसं जहाजात कोंबून दूर दक्षिणेला नेली. लढाई संपली तर त्यांच्याच सरकारनं फर्मान काढलं, आम्ही घरं बांधून देऊ, तोवर कुणी परत जायचं नाही. याची आई गेली. पोराला घेऊन, एका मासेमाराच्या होडीत बसून.

"सरकार नको म्हणून राहिलं, तर गेली कामून?"

माझा प्रश्न पंचशीलानं त्याला विचारला. तो हसला.

"तिचा बटाट्याचा वाफा व्हता म्हणं, मावशी. जमिनीखालचं कसं जळंल, म्हणाली."

वाफ्यात बटाटे होते. चांगले मोठे. तशी आणखी माणसं आली. सगळी देवळात राहिली, बाकांच्या मध्ये निजली, आणि याच्या आईनं तिथंच चूल मांडून सगळ्यांना माशाचं कालवण घातलं. देवळात मासे शिजवले! मी कानावर हात ठेवले. मग काढले आणि विचारलं, "माणसं किती?"

"पयल्या हिवाळ्यात शंभरावर."

"एका चुलीवर?"

"एका."

ती बाई काय खात होती हे शिवा बघून घेईल. पण शंभर माणसं आणि एक चूल, हे येरागबाळ्याचं काम नाही. मला चाळीस माणसांत घाम फुटतो, आणि मल्लम्मा असते हाताशी.

४ एप्रिल, सोमवार

चटणी कुटायचा लाकडी बत्ता मधोमध चिरला. सुतार म्हणतो आठ दिवस लागतील. शेंगदाण्याच्या चटणीशिवाय लिंगायत खानावळ म्हणजे काय? शोधता शोधता माडीच्या जिन्यात एक लाकूड सापडलं. हातभर लांब, मुठीत बसेल असं, काळपट, पीळदार, बाभळीच्या मुळासारखं. दोन्ही टोकं करवतीनं कापलेली. गोऱ्याच्या मशीनचं काहीतरी असेल. तो पहाटेच मुरुडकडं गेला होता, विचारणार कुणाला? धुतलं, वाळवलं, उखळात घातलं. दणकट निघालं. जरा कुबट वास येतो, परदेशी लाकूड म्हटल्यावर येणारच.

चटणी सगळ्यांनी दोनदा मागितली. पंचशीलानं मात्र घास तोंडात घेऊन माझ्याकडं बघितलं.

"मावशी, चटणीत आज काय घातलं?"

"तेच. शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ. का?"

"काई न्हाई. लई चांगली झाली. घरची याद आली." आणि हसू दाबत खाली मान घालून जेवली.

७ एप्रिल, गुरुवार

भावजी जेवायला आले. चार दिवसांत पाचवा माणूस, जो चटणीचं नाव काढतो. "वैनी, हात फिरला तुमचा! दादा असताना बी अशी चव नव्हती." डबाभर घरी घेऊन गेले. मठाच्या कमिटीचा माणूस, कांदासुद्धा निवडून खाणारा, त्यानं बोटं चाटली. मी फुशारले. लिहिते ते खरं, फुशारले.

८ एप्रिल, शुक्रवार

कसं लिहू?

दुपारची पंगत भरलेली. मल्लम्मा उखळापाशी. गोरा मुरुडहून परतला, चौकटीला डोकं आपटून आत आला, आणि उखळाकडं बघून असा हसत सुटला की माणसं जेवायची थांबली. त्यानं मल्लम्माच्या हातातून ते लाकूड घेतलं, दाण्याचा कूट झटकला, एका टोकाला दात लावले आणि एक धांदोटी सोलून काढून चावू लागला. त्याला वाटलं आम्ही सगळेच हसू.

मी ओसरीकडं बघितलं. "पंचशीला, काय म्हणून राहिला त्यो?"

"मावशी, त्यो मासा हाय. त्याच्या आईनं धाडलेला. लाकडासारखाच वाळतो, करवतीनं कापावा लागतो, म्हणून राहिला."

माणसं उठली. कुणी मोरीकडं, कुणी रस्त्यावर. गुळण्या करकरून अख्खा रांजण रिकामा केला. टँकर यायला दोन दिवस आहेत आणि ह्यांनी चुळा भरल्या! चार दिवस बोटं चाटत होते तेव्हा कुणाला काही झालं नाही. मीही मागं जाऊन ओकायला बसले. काही आलं नाही, नुसतं रडू आलं.

९ एप्रिल, शनिवार

भावजी कमिटीचे दोघे घेऊन आले. आज चपला काढल्या नाहीत, आत आलेच नाहीत. रस्त्यावर माणसं जमली. भावजींनी मोठ्यानं सांगितलं, गोऱ्याला आज घालवा, खानावळ बसवजयंतीपर्यंत बंद ठेवा, त्या दिवशी मठात सगळ्यांसमोर पायांवर डोकं ठेवा, मग घराची शुद्धी करू. "आन पुढं बाईमाणसानं ह्या व्यापात कशाला पडावं? मी हाय की. खाली हाटेल, वर लॉज, समदं बघतो मी. तुम्ही निवांत पूजा करत बसा."

मीही उंबऱ्यावर आले. मी म्हटलं, मुद्दाम केलं का मी? हे घर मी किती जपलं ते बघा. "कुणालाबी आत घेत न्हाई मी! ह्या पंचशीलाला इचारा. इतकी शिकलेली पोरगी, पर चार महिने झाले, तिला बी ओसरीवरच वाढते!"

पंचशीला ताटावर बसलेलीच होती. न जेवता उठली. डोकं दुखत असावं, ऊन फार आहे.

१२ एप्रिल, मंगळवार

कुणी येत नाही. चाळीसाच्या पिठातून मल्लम्मानं सहा भाकऱ्या थापल्या. मल्लम्माच्या नवऱ्यालाही कुणीतरी समज दिली, पण ती येते. "अक्का, कुटला तर म्याच. मला कामून कुणी इचारंना?" म्हणते.

एरलिंग बिचारा गादी गुंडाळून खाली आला. मी गादी हिसकावून परत वर नेऊन टाकली. त्याला बोलता येईना, मला समजेना. त्यानं पाकिटातून फोटो काढला. बर्फ, काळे पडलेले खांब, मधोमध देऊळ, देवळाच्या धुराड्यातून धूर. धुरावर त्यानं बोट ठेवलं. त्याची आई आत चुलीपाशी असणार.

सकाळी इष्टलिंग तळहातावर घेतलं आणि पूजा होईना. ज्या हातानं मासा धुतला त्याच हातावर लिंग. खूप वेळ बसले. विचारलं, बोल, घालवू ह्याला? लिंग काही बोलत नाही, ते कधीच बोलत नाही. पण रागावलेलंही वाटलं नाही. मग मलाच राग आला. नकळत झालेल्या गोष्टीची माफी नकळत मागितली तर चालेल का?

पंचशीला तीन दिवस आली नाही. एवढं काय झालं तिला?

१४ एप्रिल, गुरुवार

आज बाबासाहेबांची जयंती, कचेरीला सुट्टी. पंचशीलाची खोली शोधत गेले. पांढरं पातळ नेसून मिरवणुकीला निघाली होती. मी म्हटलं, आजारी हायस का? गोऱ्याचं बोलणं मला कळंना, तू कामून येत न्हाईस?

"मावशी, ओसरीवर वारा असतो म्हणून मी तिथं बसत नव्हते. ते मला पयल्या दिवसापासून ठाव व्हतं. पर तुम्ही चांगल्या हाव, म्हणून गप व्हते. परवा तुम्ही माझं नाव घिऊन समद्या रस्त्याला सांगितलं. तुमचं घर शुद्ध हाय त्याचा पुरावा म्हणून." तिचा आवाज चढला नाही. "मासा खाणारा परदेशी आत खिडकीपाशी. म्या तर तुमच्या घरात कधी मासा आणला नव्हता."

मी म्हटलं, तुला पाणी हवं असेल तर सांग, टँकर येतोय. काहीतरी बोलायचं म्हणून. तिनं कुलूप लावलं आणि गेली.

येताना रस्ताभर तिच्यावर चिडले होते. कालपरवाची पोरगी मला शिकवते. घरी आले तर खानावळ रिकामी, आणि भिंतीवर बसवण्णांची तसबीर. तिला हार मीच घालते रोज. त्या तसबिरीकडं मान वर करून बघवेना. का बघवत नाही ते लिहिणार नाही.

१७ एप्रिल, रविवार

सकाळीच मल्लम्माला पाठवलं, नुसतं सांग, ताट वाढलंय. दुपार टळली. मग आली. ओसरीवर थांबली. मी आतून म्हटलं, "तिथं ऊन हाय, ये."

"इथं कवाच ऊन नसतं, मावशी."

"नसंना. ये."

चुलीसमोर पाट मांडला होता. बसली. मीही तिच्यासमोर ताट घेऊन बसले, जी मी आजवर कुठल्या गिऱ्हाइकाबरोबर बसले नाही. भरलं वांगं चांगलं झालं होतं. तिनं दुसरी भाकरी मागितली, तेव्हा मला जेवण गेलं.

९ मे, सोमवार

मशीन मुखेडला हललं. एरलिंग गेला. शेवटच्या दोन बोअरांपैकी एकाला पाणी लागलं, खारट, पण लागलं. निघताना चौकट चुकवून वाकला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळे म्हणजे मल्लम्मा, पंचशीला, तिच्या कचेरीतले तिघे, टँकरचे दोन ड्रायव्हर. हल्ली एवढेच जेवतात.

तासाभरात भावजी हजर. चेहऱ्यावर तेज. "झालं वैनी, पीडा गेली. आता रविवारी मठात या, डोकं ठेवा, मिटलं. कागद मी तयार ठेवलाय, सही तेवढी करा."

"डोकं ठेवायला सही कशाला, भावजी?"

"ते लॉजचं. ठरलंच व्हतं की आपलं."

टेप का आणला होता, ते मला आत्ता कळलं. मी खरंच मूर्ख आहे. पंचशीलाला सांगितलं तर म्हणाली, "मावशी, मला मार्चातच कळलं व्हतं." मग बोलली का नाहीस ग बाई!

तेव्हापासून विचार करते आहे. सोपं आहे. डोकं ठेवायचं, सही नाकारायची, गिऱ्हाईक परत. एक डोकं टेकवलं तर काय झिजतं? गोराही गेलाय. पण मग पंचशीला कुठं बसेल? शुद्धी केलेल्या घरात तिला पुन्हा ओसरी. हे कुणी बोलणार नाही, आपोआप होईल. जसं माझ्या हातून आपोआप होत होतं.

१५ मे, रविवार. बसवजयंती

मठात गेले नाही. पहाटे पूजा केली, आज नीट झाली, आणि खानावळ उघडली. पुरणपोळी केली. ओसरीवरही पाट मांडले, आतही मांडले, ज्याला जिथं बसायचं तिथं बसा म्हटलं.

मिरवणूक दारावरून गेली तेव्हा भावजी थांबले. मागं सारी कमिटी. "वैनी, शेवटचं इचारतो. येता का?"

"न्हाई."

"मग पाटीवरनं लिंगायत काढा. समाजाचं नाव वापरता येणार न्हाई."

घर यजमानांनी माझ्या नावावर केलं होतं, हे त्यांनाही ठाऊक आहे, म्हणून भांडण पाटीवर आलं. मी मोठ्यानं म्हटलं, "काढते. आन त्यासंगट तुमच्या भावाचं नाव बी काढते, म्हणजे तुमची काईच अडचण उरणार न्हाई. पर भावजी, माफी मागायची तर एका गोष्टीची मागते. चटणी तुम्ही डबाभर नेली व्हती, ती आणखी धाडायची राहिली!"

मिरवणुकीतलं कुणीतरी फिसकन हसलं. मग बरेच हसले. चार दिवस चटणी खाणारे सगळे त्यातच होते. दोघे पुढच्या कोपऱ्यावरून मागं फिरले आणि मागच्या दारानं येऊन पुरणपोळी खाऊन गेले. मी त्यांना मागच्या दारानं का आलात विचारलं, आणि पुढच्या दारानं घालवलं.

भीती वाटते. सणाच्या दिवशीही चाळीसाची सतराच माणसं झाली. पीठ पुरतं, पाणी पुरतं, हे त्यातल्या त्यात बरं.

१८ मे, बुधवार

सिद्धराम पेंटर आज पाटी रंगवून गेला. जुनी "रेवणप्पा लिंगायत खानावळ" पांढऱ्या रंगानं पुसली. नाव त्यांचं होतं, माझ्या हातानं पुसायला दिलं. रडले थोडं. मग सांगितलं, माझं नाव लिही, दानम्माची खानावळ.

चहा घेऊन बाहेर आले तर खाली त्यानं आपल्या मनानं आणखी एक ओळ घातली होती. "शुद्ध शाकाहारी."

"हे कुणी सांगितलं?"

"सांगावं कशाला लागतं, अक्का? समद्या पाट्यांवर असतंय."

"शाकाहारी ठिव. शुद्ध पूस."

त्यानं ब्रश डब्यात ठेवला. "नुसतं शाकाहारी? गिऱ्हाईक काय म्हणंल?"

"जेवायचं असंल तर म्हणंल, वाढा."

त्यानं शिडी लावली आणि ओला रंग फडक्यानं पुसला. तिथं जरा डाग राहिला आहे. वाळल्यावर दुसरा हात देतो म्हणाला. मी म्हटलं, राहू दे, आता जेवून जा.